वहिनींचं कलबूत

दुखत नव्हतं. चौक ओलांडून बँकेच्या पायऱ्यांपाशी आल्यावर तिला जाणवलं, की मघापासून काहीतरी चुकल्या-चुकल्यासारखं होतंय, आणि काय चुकतंय म्हणून धुंडाळायला गेली तर हाती लागलं ते हे, की पाय दुखत नाहीत. ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा एक माणूस तिच्यावर आदळता आदळता वाचला आणि ‘रस्त्यात काय उभ्या राहता बाई’ असं पुटपुटत पुढं गेला. तिच्या काखेत नवऱ्याचा फोटो होता, फ्रेमवाल्यानं जाड कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेला. हातात पिशवी, पिशवीत टाच उखडलेला एक बूट आणि त्याचा धडधाकट जोडीदार. आधी तिला भीतीच वाटली. पायातला जीव तर नाही ना गेला? थोरल्या जावेचं असंच झालं होतं, आधी पाय हलके वाटले म्हणे आणि संध्याकाळी अर्धं अंग गेलं. म्हणून तिनं बुटातल्या बुटात बोटं हलवून पाहिली. हलली की! सगळी हलली, आणि करंगळी तर शेजारणीला सोडून एकटीच हलली. आपल्याला करंगळी आहे हे ती पार विसरून गेली होती.

घडलं ते अगदी किरकोळ. फ्रेमवाल्याकडून बाहेर पडताना गटाराच्या जाळीत टाच अडकली, तिनं पाय ओढला, पाय आला, टाच तिथंच राहिली. मग लंगडत लंगडत कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या दुकानात शिरली, जिथं बादल्या, टॉवेल, खेळणी आणि बूट सगळं एका छपराखाली मिळतं. असल्या दुकानात पाऊल टाकायचं नाही हा घरचा नेम. तिचा नवरा, ज्याला सगळं गाव मास्टर म्हणायचं आणि जो हातानं बूट शिवण्यात गावात एक नंबरचा होता, तो म्हणायचा की तिथं बूट नाही विकत, बुटांची मढी विकतात. जाळीच्या टोपलीत कापडी बुटांचा ढीग पडलेला. च्युइंगगम चघळणारी एक पोरगी आली. ‘काकू, साईज?’ ‘पाच,’ ती म्हणाली. पोरीनं एकदा तिच्या पायाकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं, आणि साडेसहाचा जोड पुढ्यात टाकला. ‘अगं, पाच म्हटलं मी.’ ‘घालून तर बघा. नाही बसला तर पाच काय कुठं पळून जात नाही.’ वाद कशाला घाला, घरापर्यंतचाच तर प्रश्न, म्हणून तिनं पाय घातला. पाय गेला. ओढावं लागलं नाही, दाबावं लागलं नाही, श्वास धरावा लागला नाही. नुसता गेला. आणि आता ती बँकेच्या पायऱ्यांपाशी नवऱ्याचा फोटो काखेत धरून उभी होती आणि तिला रडू फुटत होतं, आणि रडायला काय झालं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

आता पायाचं दुखणं हे तिच्या लेखी दुखणं नव्हतंच. ते तिच्या माहेरचं होतं. आईचेही पाय दुखायचे, मग माझे दुखणारच, असा तिचा सरळ हिशेब. अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं, दोन नखं काळी पडून कायमची जाड झालेली, बोटं एकमेकींवर चढलेली. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, सकाळी पुन्हा बूट चढवायचे. लोकांना घाम येतो, कुणाला शिंका येतात, तसं आपल्याला हे. शिवाय तिला बोलायला तोंड कुठं होतं? जगातल्या कुठल्या बाईच्या नवऱ्यानं तिच्यासाठी दर वाढदिवसाला स्वतःच्या हातानं बूट शिवले होते? मास्टरांच्या बायकोचे पाय दुखतात म्हटलं तर लोक हसले असते. हलवायाच्या घरात उपवास! तेव्हा गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सव्वा लाखाच्या मुठीत काय होतं, तर दोन काळी नखं.

त्यांच्या लग्नाची कथा सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होती. ती एकोणीस वर्षांची, वडिलांबरोबर दुकानात आलेली, वडिलांना बूट हवे होते. मास्टर तेव्हा तरुण, कानावर पेन्सिल. वडिलांचं माप झालं आणि तो म्हणाला, ‘ह्यांचंही घेऊ का? पैसे नकोत. असा पाय पाहायला मिळत नाही.’ वडील हसले. तिनं मोजा काढला, कागदावर पाय ठेवला, पेन्सिल टाचेकडून तळव्याच्या खळग्यात आली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि ती खुदकन हसली. तो हसला नाही. पेन्सिल थांबवून तिचं हसू संपायची वाट पाहत राहिला. पुढं लग्न झाल्यावर कुणी जेवायला आलं की तो सांगायचा, ‘लोक पायगुण बघून सून आणतात, मी माप घेऊन बायको आणली. तोंडाचं काय हो, तोंड बदलतं.’ सगळे हसायचे. तीही हसायची, टेबलाखाली एका पायानं दुसऱ्या पायातला बूट हळूच टाचेतून सोडवत. लग्नाआधीच त्यानं तिचं कलबूत कोरलं होतं. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्यावर चामडं ताणून बूट बांधतात. बाकीच्या गिऱ्हाइकांची कलबुतं दुकानातले कारागीर करायचे, तिचं त्यानं स्वतः केलं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता.

आणि तो वाईट होता का? नव्हता हो. बँकेच्या पायऱ्यांवर बसून तिनं मनाशी ठणकावून सांगितलं, नव्हता. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. तिच्या आजारपणात उशाशी बसून राहायचा. तिची बहीण म्हणायची, ‘नशीब काढलंस बाई, आमच्या ह्यांना विचार, माझ्या पायात काय असतं, तर म्हणतील पाय असतात.’ बहिणीच्या पायात मिळतील त्या सपाता, टाचा भेगाळलेल्या, फताड्या. तिला बहिणीची कीव यायची. आता तिला एकाएकी आठवलं, की बहीण धावायची. जिना धावत चढायची, बस गाठायला धावायची, पन्नाशीतसुद्धा. आपण शेवटचं धावलो कधी? मुलगा लहान असताना बागेत पडला होता, झोपाळ्यावरून तोंडावर, आणि ती बाकावरून उठून त्याच्याकडं चालत गेली होती. भरभर, पण चालत. शेजारच्या बाकावरची बाई तिच्याआधी पोचली आणि तिनं त्याला उचललं. मुलगा त्या परक्या बाईच्या खांद्यावर रडत होता. घरी मास्टरांनी विचारलं, ‘तू कुठं होतीस?’ ‘तिथंच होते,’ ती म्हणाली होती.

मुलगा झाल्यावरच तर तिनं एकदा तोंड उघडलं होतं. बाळंतपणानंतर पाय पसरले होते, जुने बूट चढेनात. ती भीतभीत म्हणाली, ‘अहो, जरा घट्ट होतायत.’ त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला, डाग पडलेलं चामडं बघावं तसा उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. ‘सुजलाय. उतरेल.’ नाही उतरला. महिन्याभरानं ती पुन्हा म्हणाली, तेव्हा तो चिडला नाही, एवढंच म्हणाला, ‘माझं माप चुकलंय असं म्हणतेस?’ मग काही दिवस तो बोलला नाही. वागला मात्र फार प्रेमानं. तिचं ताट स्वतः वाढलं, बाळाला रात्री स्वतः घेऊन बसला, आणि बोलला नाही. त्या शांततेत ती विरघळत चालली. आणि एका संध्याकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, ‘सगळे बदलतात. तू बदलणार नाहीस असं मला वाटलं होतं.’ ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली होती, आपण किती भाग्यवान म्हणून. बहिणीला फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगितलंही होतं. बहीण पलीकडून म्हणाली, ‘अगं, हे प्रेम आहे की बूट आहे?’ त्या फटकळपणाबद्दल तिनं बहिणीशी पुढं बरेच महिने अबोला धरला. त्याच सुमारास तिला ती युक्ती सापडली. बूट घालताना बोटं आत आखडून घ्यायची, मुठीसारखी, मग टाच दाबायची, आणि पाय आत गेला की बोटं सोडायची, जेवढी सुटतील तेवढी. ही युक्ती तिनं आयुष्यात कुणाला सांगितली नाही.

ती घरी न जाता तशीच मास्टरांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला असलेल्या कामाच्या खोलीत गेली. दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले, एकटा खिळ्या बसला होता. तोंडात सदानकदा चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून काम करायचा म्हणून त्याचं नाव खिळ्या पडलं होतं. मास्टरांच्या तरुणपणापासूनचा, निम्म्या गोष्टींना नुसता हुंकार देणारा माणूस. तिला पाहून तो उठला, तिच्या पायांकडं त्याची नजर गेली आणि पटकन वर आली. ‘टाच निघाली,’ तिनं पिशवी पुढं केली. त्यानं बूट घेतला, उलटा केला, मान हलवली. मग चुका एकेक करून तळहातावर काढल्या आणि म्हणाला, ‘बरं झालं वहिनी आलात. एक बोलायचं होतं. सूनबाईंचं.’

सूनबाईंचं म्हणजे रविवारचं. मास्टरांना जाऊन वर्ष होत होतं आणि मुलानं नवं दालन काढलं होतं, काचेचं, दिव्यांचं. मध्यभागी काचेच्या पेटीत तिचं कलबूत ठेवायचं, वर मास्टरांचा फोटो, खाली पितळी पाटी. मोठमोठी जुनी गिऱ्हाइकं येणार, भाषणं होणार. आणि त्या दिवशी मुलगा आपल्या बायकोसाठी शिवलेला पहिला जोड सगळ्यांसमोर तिला देणार, तिच्यासाठी स्वतः कोरलेल्या कलबुतावर बांधलेला. बाबांची रीत. ‘आई, तो जोड तू घालायचास तिच्या पायात,’ मुलगा म्हणाला होता, आणि तिला भरून आलं होतं. सून पोहायला शिकवायची. दिवसभर तलावाच्या काठावर अनवाणी, घरातही अनवाणी, न्हाणीघरातून निघाली की फरशीवर ओली पावलं उमटत जायची, रुंद, पाचही बोटं सुटी सुटी. ती पावलं वहिनी रोज फडक्यानं पुसून काढायची. आता सून सात महिन्यांची गरोदर होती.

‘पाय सुजलेत त्यांचे,’ खिळ्या म्हणाला. ‘कलबूत लग्नाआधीच्या मापाचं. परवा मी नुसतं नजरेनं बघितलं, पाय आत जायचा नाही. गेला तर सोलून निघेल. धाकट्या मास्टरांना म्हटलं, परत माप घेऊ, कलबुताला चामड्याच्या दोन चकत्या चिकटवू, कुणाला कळतंय? तर म्हणाले, बाबांनी आईचं माप कधी दुसऱ्यांदा घेतलं होतं का?’ त्यानं तुटका बूट बाकावर ठेवला. ‘तुम्ही एक शब्द टाका, वहिनी. तुमचं ऐकतील ते.’

ती मांडण्यांकडं बघत होती. छतापर्यंत कलबुतं लटकलेली, जोडी जोडीनं, गिऱ्हाइकांची नावं लिहिलेली. वकील, दंतवैद्य, शाळेची मुख्याध्यापिका, मेलेलेसुद्धा. आणि एकूण एक कलबुतावर चामड्याच्या चकत्या. अंगठ्याच्या बुडाशी, टाचेला, वरच्या फुगवट्यावर, एकावर एक. मास्टर दरवर्षी प्रत्येकाचं माप नव्यानं घ्यायचे. कुणी म्हणालं, मागचंच चालेल की, तर खेकसायचे, ‘पाय काय दगडाचा आहे तुमचा? पाय जिवंत असतो. सकाळी एक, संध्याकाळी एक.’ मुख्याध्यापिकेला हाड वाढायला लागलं तेव्हा स्वतः खाली बसून, चकती किसून किसून, केसाइतकी पातळ करून लावली होती. तिच्यासमोर. तिच्या मनात आलं होतं, केवढं हे कसब. तिचं कलबूत वेगळ्या कप्प्यात होतं, मऊ कापडात. खिळ्यानं ते तिच्या हातात दिलं. गुळगुळीत. एक चकती नाही, एक ओरखडा नाही. आजवर तिला ह्याच गोष्टीचा अभिमान होता. सगळ्यांच्या लाकडाला ठिगळं आणि माझं बघा, कोरं करकरीत. ज्या दिवशी कोरलं त्या दिवसासारखं. तिनं ते उजव्या पायाशेजारी जमिनीवर ठेवून पाहिलं. शेजारी ठेवलेल्या त्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या असतील असं कुणी म्हटलं नसतं.

‘तुम्हाला माहीत होतं?’ तिनं विचारलं.

खिळ्यानं तळहातावरच्या चुका बोटानं सारख्या केल्या. ‘घरच्या मापाला आम्ही हात लावत नव्हतो.’

‘ते नाही विचारलं.’

‘एकदा म्हटलं होतं. फार वर्षं झाली. वहिनींच्या चालण्यावरून वाटतं, म्हटलं. तर मास्टर म्हणाले, तिला सवय आहे.’ आणि त्यानं चुका पुन्हा तोंडात टाकल्या.

तिला सवय आहे. म्हणजे माहीत होतं. रस्त्यानं चालताना तिला जे वाटत होतं, की बिचाऱ्याला कळलं नसेल, पुरुषांना काय कळतं, प्रेमानं आंधळा झालेला, तेवढाही आडोसा राहिला नाही. ज्या माणसाला अनोळखी गिऱ्हाईक दारातून आत येताना बघून कुठं घासतंय ते समजायचं, तो माणूस रोज संध्याकाळी तिला खोलीतून खोलीत जाताना पाहत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी फोटो समोर असता तर तिनं काच फोडली असती. फोटो समोरच होता, बाकावर, जाड कागदात. तिनं तो उचलला, काखेत धरला आणि सावकाश घरी निघाली. आणि चालता चालता तिला कळलं की राग टिकत नाहीये. रागाला उभं राहायला जागाच नव्हती. रागावायचं म्हणजे मागं जायचं, एकेक वाढदिवस उघडायचा, एकेक खोका. त्या प्रत्येक खोक्यात तिनं आनंदानं मारलेली किंचाळी होती, त्याच्या गळ्यात टाकलेले हात होते. ते सगळं खोटं म्हणायचं? मग खरं काय उरलं? पाय? ह्या वयात, विधवा बाईनं, एका कापडी बुटाच्या भरवशावर सगळा संसार मोडीत काढायचा? तो मेला तो सुटला. आणि त्याचं प्रेम होतं हे धरून ठेवणारी ह्या जगात ती एकटी उरली होती. तिनं हात सोडला की पडलंच ते.

घरी सून दारात बसून पेरू खात होती, पाय समोरच्या स्टुलावर टाकलेले, घोटे टम्म फुगलेले. ‘अय्या आई, काय मस्त बूट! मऊ आहेत? मला पण आणा ना, माझ्या पायांचे बघा कसे पाव झालेत.’ आणि ती आपल्याच पायांना खदखदा हसली. वहिनी बूट काढून आत गेली. सुनेच्या त्या हसण्याचा तिला मनस्वी राग आला. काय म्हणून हसते ही? पेन्सिल खळग्यात आली तेव्हा आपणही असंच हसलो होतो. हिचं हसू संपायची वाट कुणी पाहिली नाही अजून.

संध्याकाळी मुलगा आला, फोटो उघडला, भिंतीला टेकवून लांबून पाहिला. बापाचेच डोळे, बापाचेच लांब हात. मग दाराशी ठेवलेले कापडी बूट त्याला दिसले. ‘हे कुणाचे?’ ‘माझे. टाच निघाली वाटेत.’ त्यानं पायानं ते जरा बाजूला सारले. आत जाऊन एक खोका घेऊन आला. मास्टरांनी आजारपणात, हात थरथरत असताना शिवलेला शेवटचा जोड, अजून न घातलेला. ‘रविवारी हे घाल.’ ती खोक्यावर हात ठेवून बसली. स्वयंपाकघरातून सुनेचं गुणगुणणं ऐकू येत होतं. आत्ता, ती मनात म्हणाली. एक शब्द.

‘अरे, तिचं माप,’ ती म्हणाली. ‘खिळ्या म्हणत होता...’

‘मलाही म्हणाला.’ मुलगा तिच्यासमोर खाली बसला, लहानपणी बसायचा तसा. ‘आई, मी विचार करतोय दोन दिवस. मला कळत नाहीये. तूच सांग. तुला कधी त्रास झाला का? खरं सांग, माझी शपथ आहे. झाला असेल तर मी आत्ता उठतो, टेप घेतो, तिचं माप नव्यानं घेतो. रविवारी दुसराच जोड दाखवू, नाहीतर काहीच नको दाखवायला. बाबांनी तुला कधी दुखवलं का?’

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा प्रश्न होता. ही गोष्ट तिला नंतर कधी नाकारता आली नाही. दार सताड उघडं होतं आणि तो उंबऱ्यावर उभा राहून तिला विचारत होता की ये ना. तिनं मोज्यातल्या मोज्यात करंगळी हलवली. दुपारपासून तिला तो चाळाच लागला होता. आणि तिला दिसलं की आपण ‘हो’ म्हटलं, तर हा उठेल, टेप घेईल, सुनेचा पाय मांडीवर घेईल, चकती किसून किसून केसाइतकी पातळ करून लावेल. ह्या घरात, तिच्यासमोर, दुसऱ्या बाईसाठी. आणि सून हसत राहील. जन्मभर हसत, फताडे पाय टाकत, पोरामागं धावेल. इतकं सोपं होतं तर. एका शब्दाचं काम होतं. मग माझ्याच वेळी तो शब्द कुणाला का सापडला नाही?

‘छे रे,’ ती म्हणाली. ‘कसला त्रास? सुरुवातीला जरा लागतं, मग सवय होते.’

मुलानं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सुटल्यासारखा त्याचा श्वास बाहेर पडला. ‘मला वाटलंच होतं,’ तो म्हणाला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कापडी बूट फोटोच्या जाड कागदात गुंडाळले, त्याच सुतळीनं बांधले आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. सून म्हणाली, ‘अय्या, फेकलेत? मला तरी द्यायचे!’ ‘फाटके निघाले,’ ती म्हणाली.

रविवारी दालन माणसांनी भरून गेलं. काचेच्या पेटीत दिव्याखाली कलबूत चकाकत होतं आणि लोक वाकून वाकून बघत होते. ‘एवढासा पाय!’ एक बाई म्हणाली. ‘बाहुलीचा वाटतो.’ वकीलसाहेबांनी भाषण केलं, की मास्टरांनी नुसते बूट नाही शिवले, प्रेम कसं टिकवायचं ते दाखवलं. माणसं बदलतात, मापं बदलतात, पण हे बघा, ह्या लाकडाला एक ठिगळ नाही. टाळ्या पडल्या. खिळ्या मागच्या दाराशी उभा होता, आज तोंडात चुका नव्हत्या तरी तोंड मिटलेलं. मग तिचं नाव पुकारलं आणि ती दाराकडून खुर्चीपर्यंत चालत आली, मास्टरांच्या शेवटच्या जोडात. पहिल्या पावलाला दुखणं घोट्यापर्यंत आलं, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, आणि मग सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. हाड, नखं, करंगळी. ओळखीचं. इतक्या वर्षांत ह्या दुखण्याला कधी नाव नव्हतं, आता होतं, तेवढाच काय तो फरक. ती ताठ चालली. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘काय रुबाब आहे बाईंचा!’

सून खुर्चीत बसली होती, पोटावर हात ठेवून, लाजत हसत. मुलानं खोका उघडून आईच्या हातात दिला. लालसर तपकिरी चामडं, बारीक टाके, बापाला लाजवील असं काम. वहिनी कळ सोसून गुडघ्यावर बसली. तिनं सुनेचा पाय हातात घेतला. गरम होता, जड होता, बोट दाबलं की खळगा पडून तसाच राहत होता. बूट पुढं केला, टाचेमागं बूट चढवायची पट्टी धरली, दाबलं. पाय निम्म्यावर अडला. कुठं अडणार ते तिला आधीच ठाऊक होतं.

‘आई,’ सून वाकून कुजबुजली. तोंडावरचं हसू तसंच, कारण समोर कॅमेरा होता. ‘घट्ट होतायत. खरंच. नाही जायचा पाय.’

वहिनीनं वर पाहिलं. मुलगा बघत होता. खिळ्या बघत होता. फोटोतला मास्टर बघत होता. अजूनही चाललं असतं. ‘सुजलेत गं पाय तिचे, राहू दे,’ एवढं म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि चहा सुरू झाला असता.

‘बोटं आत घे,’ ती सुनेच्या कानाशी म्हणाली. ‘मुठीसारखी आखड. अजून. हं. आता श्वास धर आणि टाच दाब.’

सुनेनं तिच्याकडं पाहिलं. तिला काहीच समजलं नव्हतं, पण थोरल्या बाईच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून तिनं ऐकलं. पाय आत गेला. सुनेच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि डोळे टचकन भरून आले. ते पाहून पुढच्या रांगेतल्या बायकांनीही डोळे टिपले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगाही रडत होता.

‘सैल होतात ना, आई?’ सुनेनं विचारलं. हसत नव्हती ती आता.

‘होतात गं. हळूहळू,’ वहिनी म्हणाली, आणि सून ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला तिच्याबद्दल माया वाटली, अगदी पोटातून. आता बोलायला कुणीतरी झालं होतं. तिनं बकल लावलं, चामड्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या पायासाठी ओंजळ पुढं केली.